जावईबापूंचा लेझर

"काका, हे सगळंच हललंय," असं म्हणत प्रसेनजितने खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि आबांच्या दुर्बिणीला लावला. गच्चीवर तेव्हा आम्ही पाच जण होतो. त्यातल्या दोघींचे श्वास अडकले. एक आई, दुसरी मी.

आबांच्या दुर्बिणीला आबांशिवाय कोणी हात लावत नसे. एकदा एका तहसीलदारांनी कौतुकाने तिच्या नळीवर टिचकी मारली होती, तेव्हा आबांनी त्यांना, "घागर घ्यायला आलात का?" असं विचारलं होतं. तहसीलदार पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. आणि आज तेच आबा, नळीचं झाकण दोन्ही हातांत धरून, हॉटेलातल्या वेटरसारखे बाजूला उभे होते. प्रसेनजितने न बघता मागे हात केला आणि म्हटलं, "बारीक फडकं आहे का एखादं?" आबा फडकं आणायला स्वतः खाली गेले.

माझे वडील ॲडव्होकेट हिंदुराव साळुंखे कराडात फौजदारी वकिली करत. समोरच्याला तुच्छ लेखणं त्यांच्या रक्तातच होतं. वकिलीमुळे त्याला काळा कोट मिळाला, इतकंच. उलटतपासणीत ते आवाज चढवत नसत. साक्षीदाराकडे नुसतं असं बघत, की त्याला आपल्या आईवडिलांनी ठेवलेलं नावसुद्धा खरं आहे की नाही याची शंका यावी. घरीही तेच. मामाने आणलेले आंबे, वर्तमानपत्रातला अग्रलेख, शेजाऱ्यांच्या बंगल्याचा रंग, कशाचीच सुटका नव्हती. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरला होता आणि म्हणूनच माझं लग्न जमत नाही असं आईचं ठाम मत होतं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, तिशी जवळ आली होती. मला बघून गेलेल्या मुलांची वर्णनं आबा जेवताना मला पुन्हा पुन्हा करायला लावत आणि ठसका लागेपर्यंत हसत. आई ताटावरून उठून जायची.

या जगात आबांनी जिला कधी नावं ठेवली नाहीत अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे त्या दुर्बिणीतला आठ इंची आरसा. तो त्यांनी स्वतः घासला होता. दोन पावसाळे ते कोर्टातून आले की कोट खुंटीला अडकवायचे आणि बनियनवर मागच्या खोलीत जायचे. तिथे एका पिंपावर खालची काच बसवलेली होती. तिच्यावर दुसरी काच, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. पिंपाभोवती फिरत फिरत ते काचेवर काच घासत राहायचे. त्या करकरीने आईच्या दातांना कळ यायची. पुढे पुण्याहून त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला. प्लायवुडच्या पेटीवर पत्र्याची नळी बसवली आणि पहिल्याच रात्री शनी दिसला. त्या रात्री मी त्यांना कशाचं तरी निव्वळ कौतुक करताना ऐकलं. पहिल्यांदाच.

आता प्रसेनजित. मला तो आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. मामाने आणलेलं स्थळ होतं, शेवाळ्यांचा एकुलता एक, अमेरिकेत नोकरीला. मी नेहमीच्या तयारीने गेले होते. पण त्याला माझ्या टोमण्यांची भीती वाटली नाही, तो मोकळेपणाने हसला. त्यालाही आकाश बघायचा नाद होता. तिकडे परत गेल्यावर दर रविवारी फोन करायचा आणि तासभर बोलायचा, आणि फोन ठेवल्यावर मी उगाच पुस्तकांचं कपाट आवरत बसायची. पुण्यात साखरपुडा झाला. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्या दिवशी शेवाळे कुटुंब दिवसभरासाठी आमच्याकडे आलं होतं. त्याची आई गुडघ्यांमुळे खालीच बसली होती. वडील वर आले होते.

शेवाळे साहेब पाटबंधारे खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. धरणाच्या भिंतीसारखे अखंड बोलत, कुठे झडपच नव्हती. सकाळपासून ते कराडात बसून कराडच्या माणसांना कृष्णेत आणि कोयनेत पाणी कुठून येतं ते समजावून सांगत होते. दर चौथ्या वाक्याला "तिकडे" यायचं. तिकडे रस्ते कसे, तिकडे दूध कसं, तिकडे पोस्टमन कसा. आबा मान हलवत होते. मी दोनतीनदा आशेने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एरवी अशा माणसाचं त्यांनी दहा मिनिटांत पाणी पाणी केलं असतं. ते म्हणाले, "भजी घ्या की अजून."

चहा झाल्यावर प्रसेनजितने बॅगेतून एक काळी डबी काढली. आबांसाठी आणलेली भेट. त्यात बोटाएवढ्या जाडीची, काळी चकचकीत धातूची नळकांडी होती. लेझर कोलिमेटर. आबांनी त्याबद्दल वाचलं होतं, पाहिला नव्हता.

अशा दुर्बिणीत दोन आरसे असतात. मोठा नळीच्या तळाशी, आणि छोटा वर तोंडाशी, तिरपा बसवलेला. मोठ्याने गोळा केलेला प्रकाश छोटा आरसा बाजूच्या भोकातून बाहेर काढतो, तिथे आपण डोळा लावतो. दोघांची तोंडं एकमेकांसमोर अचूक आली नाहीत तर तारा ठिपक्यासारखा न दिसता शेपूट फुटल्यासारखा दिसतो. हे अचूक बसवायला आबा कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी वापरत. डबीच्या बुडाला बारीक भोक पाडलेलं. ती डोळ्याच्या जागी बसवायची, भोकातून बघायचं आणि आत दिसणारी सगळी वर्तुळं एकात एक येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मोठ्या आरशाच्या बरोबर मध्यावर त्यांनी फाइलीच्या कागदाला लावतात तसली गोल चकती चिकटवली होती, खूण म्हणून. प्रसेनजितच्या यंत्रात हेच काम लाल किरण करतो. किरण छोट्या आरशावरून मोठ्यावर पडला पाहिजे, बरोबर त्या चकतीत. तिथून परत फिरून तो निघाला तिथेच यायला हवा. आला की झालं.

त्याने ते डोळ्याच्या जागी बसवलं, बटण दाबलं आणि नळीच्या तोंडातून आत वाकून पाहिलं. मग हसला.

"काका, हे बघा."

आम्ही सगळे वाकलो. लाल ठिपका चकतीच्या बाहेर पडला होता. थोडाथोडका नाही, चांगला दोन बोटं लांब. आदल्याच संध्याकाळी आबांनी पाहुणे येणार म्हणून तासभर डबीला डोळा लावून सगळं जुळवलं होतं. मी शेजारी उभी होते. शनीची कडी आम्ही इतकी रेखीव पाहिली होती, की आबांनी आईला पोळ्या टाकून वर बोलावलं होतं.

मी आबांकडे पाहिलं. ते नळीत बघत होते. कपाळावर एक आठी आली आणि गेली.

"असं कसं?" एवढंच म्हणाले.

"डोळ्याने करायचं म्हणजे असंच होणार, काका," प्रसेनजित म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता, खरंच नव्हता. डॉक्टर पेशंटला सांगतो तितक्या मायेने सांगितलं. शेवाळे साहेबांनी लगेच तिकडे साधे नटबोल्टसुद्धा लेझरने कसे मोजून बसवतात ते सांगायला घेतलं. आणि प्रसेनजितने स्क्रूड्रायव्हर काढला.

छोट्या आरशाचे स्क्रू सैल करून, फिरवून, पुन्हा आवळून त्याने ठिपका चकतीत आणला. मग खाली बसून मोठ्या आरशाच्या मागचे स्क्रू फिरवले. आबांनी त्यांना बसवलेले पितळी चाकीसारखे नट त्याने "जुगाड" म्हणून वाखाणले. परत आलेला किरण निघाला तिथेच येऊन मिळाला तेव्हा तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "आता हा टेलिस्कोप झाला."

शेवाळे साहेबांनी टाळी वाजवली. आबांनीही हसल्यासारखं केलं.

मार्च महिना होता. सूर्य मावळला की शनी जवळजवळ डोक्यावर असायचा. थोड्या वेळाने तो दिसू लागला तसा प्रसेनजितने लेझर काढून डोळ्याचं भिंग बसवलं आणि दुर्बीण वळवली. बराच वेळ तो भिंग पुढे मागे करत राहिला. नंतर त्याचे वडील बघून आले. मग मी.

शनीला एका बाजूने दाढी आल्यासारखी दिसत होती. कडी होती, पण ओल्या कागदावर शाई फुटावी तशी.

प्रसेनजित म्हणाला, "काका, एक सांगू? राग मानू नका. अलाइनमेंट आता परफेक्ट आहे. म्हणजे प्रॉब्लेम आरशात आहे. त्याचा आकारच नीट आलेला नाही. हाताने घासलेल्या काचेला मर्यादा असतात."

"घरी केलेलं श्रीखंड आणि घरी केलेला आरसा," शेवाळे साहेब म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले. "एक जमतं, एक नाही जमत. काय वकीलसाहेब?"

मी वाट पाहत होते. आबा आता काय बोलतील ते मला जवळजवळ ऐकू येत होतं. धरणं, सिमेंट आणि शेवाळे साहेबांची सगळी नोकरी दोन वाक्यांत वाहून जाईल असं काहीतरी. आबांनी नळीवर हात ठेवला.

"असेल," ते म्हणाले. "चला, जेवणाचं बघू."

मला त्यांची लाज वाटली. स्पष्टच सांगते. ते खाली जाताना पाठमोरे दिसत होते आणि मला वाटलं, मुलगी उजवायची म्हटलं की माणूस इतका स्वस्त होतो. माझ्या बापाला मी सगळ्यांपेक्षा वेगळा समजत होते. तोही शेवटी मांडवात वाकून उभा राहणाऱ्यांतलाच निघाला.

ते तिघे खाली गेले. आम्हाला दोघांना मुद्दाम मागे ठेवलं, आईने जाता जाता माझ्याकडे तसं पाहिलंच. प्रसेनजित कठड्याला टेकून कराडचे दिवे बघत होता आणि मला तिकडच्या घराच्या गॅलरीतून काय दिसतं ते सांगत होता. माझं लक्ष नव्हतं. आदल्या दिवशीचा शनी माझ्या डोळ्यांसमोर होता. आरसा रात्रीतून बिघडत नाही. कोणीतरी खोटं बोलत होतं, आणि ती काच नव्हती.

मी लेझर पुन्हा डोळ्याच्या जागी बसवला. ठिपका चकतीच्या मधोमध. मग मी पकडस्क्रू किंचित सैल केला आणि दुसरं काहीही न हलवता लेझर त्याच्या जागेवरच हळूहळू फिरवू लागले, पेनाचं टोपण फिरवावं तसा.

"प्रसेन, इकडे ये. आत बघ."

तो वाकला. ठिपका चकतीतून निघाला आणि मी लेझर फिरवत होते तसा आरशावर गोल फिरू लागला. पूर्ण फेरा झाल्यावर परत जागेवर आला. चांगलं बांगडीएवढं वर्तुळ.

किरण नळकांडीतून सरळ बाहेर पडत असता तर ठिपका जागचा हलला नसता. तो वाकडाच निघत होता. म्हणजे प्रसेनजितने सरळ असलेली दुर्बीण वाकड्या लेझरला जुळवून घेतली होती. हे मला त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो हुशार होता, पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच त्याला कळलं.

"ओह्," तो म्हणाला आणि हसला. "बॅगेत आपटलं असेल. च्यायला."

"म्हणजे आरसा बरा आहे."

"अर्थात बरा आहे. कम ऑन."

त्या "अर्थात"ने मला इतकं बरं वाटलं, की मी आबांना, शेवाळे साहेबांना, सगळ्यांनाच माफ करून टाकलं. कोपऱ्यातल्या खोक्यातून आबांची डबी काढली. प्रसेनजितने बॅटरी धरली, मी डबीच्या भोकातून बघत सांगत गेले आणि तो स्क्रू फिरवत गेला. थोडं डावीकडे. बस. आता खालचा. आमचे खांदे एकमेकांना लागत होते. लग्नानंतर आपण असेच असू असं मला वाटलं, आणि ते वाटणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मग शनी. आधी मी पाहिला आणि बाजूला झाले. त्याने डोळा लावला. कडी सुरीने कापल्यासारखी, आणि तिच्या दोन पट्ट्यांमधली काळी बारीक फट सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाप रे," तो म्हणाला. "काकांनी हा हाताने केलाय?"

"खाली जाऊन त्यांना सांग."

"सांगतो ना."

जेवायला आम्ही सगळे एकत्र बसलो. आईने आठ दिवस आधीपासून घोकलेला बेत होता, शेवाळेबाई प्रत्येक पदार्थाला "थोडंसंच हं" म्हणत भरपूर घेत होत्या. मी प्रसेनजितच्या समोर बसले होते. त्याने अजून काही सांगितलं नव्हतं, पण मला घाई नव्हती. चांगली बातमी माणूस योग्य वेळ बघून सांगतो असं मला वाटत होतं.

वेळ शेवाळे साहेबांनीच आणून दिली. मटणाच्या दुसऱ्या वाढीला त्यांना आरसा आठवला. वकीलसाहेबांनी मनाला लावून घेऊ नये, छंद म्हणून ठीक आहे, पण आता जावई तिकडे असताना असल्या पत्र्याच्या नळ्या कशाला, अशी गाडी सुरू झाली. आणि मग ते मुलाकडे वळून म्हणाले, "काय रे, पाठवशील ना यांना एक चांगली?"

"पाठवतो की," प्रसेनजित म्हणाला. "काका, हा आरसा राहू दे आठवण म्हणून. शोकेसमध्ये छान दिसेल."

मला वाटलं तो गंमत करतोय. पुढचं वाक्य येईल म्हणून मी थांबले. तो भाकरी मोडत होता.

"प्रसेन," मी म्हटलं, "वर आपण काय पाहिलं ते सांग ना आबांना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नजर चुकवली नाही, गडबडला नाही, आवाजसुद्धा तसाच मोकळा.

"हो, नंतर थोडं सुधारलं, काका. पण मुळात आरसाच तसा आहे, त्याला कोण काय करणार?"

आणि मला म्हणाला, "लिंबू दे ना जरा इकडे."

मी लिंबू दिलं. दुसरं काय करता येतं ते मला त्या वेळी सुचलं नाही, जिने इतक्या मुलांची सालं काढली होती तिला. आबा ताटाकडे बघत जेवत होते. पाहुणे जेवून लगेच पुण्याला निघाले. प्रसेनजित वाकून आबांच्या आणि आईच्या पाया पडला. गाडी वळली तेव्हा आईचे डोळे भरून आले होते. इतकं चांगलं माणूस, असं ती म्हणाली.

सकाळी आबा कोर्टात जायच्या तयारीत घरातल्याच ऑफिसात बसले होते. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "आबा, काल लेझरच वाकडा होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. गळ्याच्या पांढऱ्या पट्ट्या बांधत होते. "पहिला ठिपका पडला तेव्हाच कळलं. आदल्या दिवशी जुळवलेलं असं दोन बोटं सरकत नाही."

माझ्या डोक्यात रात्रभर त्यांच्यासाठी दया साचली होती, तिचा क्षणात संताप झाला. मी खूप बोलले. साक्षीदार समोर धडधडीत चूक बोलत असताना भज्यांची ताटली पुढे करणारा वकील मी पहिल्यांदाच पाहिला, असं म्हटलं. जावई मिळवायला इतकं सरपटावं लागत असेल तर मला जावई देऊ नका तुम्ही, असंही म्हटलं. त्यांनी मला थांबवलं नाही.

"झालं?" मग ते म्हणाले. "पोरगं नवं यंत्र घेऊन हौसेने आलं होतं. यंत्र वाकडं आहे हे त्याला कळलं नाही. न कळणं हा काही गुन्हा नाही, संयू. बापासमोर, होणाऱ्या बायकोसमोर त्याला कशाला उघडा पाडू? तुझं जमत होतं त्याच्याशी. पहिल्यांदाच कोणाशी तरी जमत होतं. एका आरशाला नावं ठेवली तर ठेवली."

जे मी शेपूट घालणं समजत होते ते असं होतं. मी खुर्चीवर बसले आणि वर काय झालं ते सांगितलं.

आबांचे हात गळ्याशीच थांबले.

"त्याने पाहिलं? ठिपका फिरताना?"

"हो."

"आणि नंतरचा शनी?"

"तोही. बाप रे म्हणाला."

"आणि मग खाली येऊन जेवायला बसला."

"हो."

इतकंच. ते उठले, कोट घातला, फाइली उचलल्या आणि कोर्टात गेले. मीही कॉलेजात जाऊन शिकवलं. संध्याकाळी प्रसेनजितला फोन लावला आणि हे लग्न नको वाटतंय म्हणून सांगितलं.

तो चिडला नाही. त्याला खरंच आश्चर्य वाटलं. एका आरशावरून? मग त्याने मला समजावलं, आणि त्याचं कारण अगदीच टाकाऊ नव्हतं. त्याचे वडील सगळ्यांसमोर बोलून बसले होते. त्यांना तोंडघशी कशाला पाडायचं? काका समजूतदार आहेत, हसून घेतलं त्यांनी. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मला माझी शंका आली. आबांनी जे त्याच्यासाठी केलं तेच त्याने त्याच्या वडिलांसाठी केलं असेल तर? मला माणसं मोडीत काढायची सवय होती, हे तर सगळं गाव सांगत होतं. मामा येऊन अंगणात आरडाओरडा करून गेला. आईने दोन दिवस जेवण टाकलं.

शेवटी आबा म्हणाले, "त्यांना बोलावून घे. मी त्याला एक प्रश्न विचारतो. नंतर तू म्हणशील ते."

रविवारी सकाळी बापलेक आले. आबांनी त्यांना दिवाणखान्यात न बसवता ऑफिसात बसवलं, जिथे अशील बसतात तिथे. मी कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी होते. मनातल्या मनात मी प्रसेनजितला उत्तर सांगत होते. नुसता अडखळ. मान खाली घाल. त्या दिवशी चुकलं म्हण. किंवा तेव्हाचंच रेटून धर, बापाखातर. मला काहीही चाललं असतं. मला ते लग्न हवं होतं.

आबांनी चष्मा काढला.

"प्रसेनजितराव, त्या दिवशी आम्ही खाली आल्यावर तुम्ही शनी पाहिलात. कसा होता?"

"अप्रतिम, काका," प्रसेनजित म्हणाला. लगेच, हसून, तसाच मोकळा. "कडीतली फट इतकी स्वच्छ मी तिकडे क्लबातसुद्धा नाही पाहिली. आरसा उत्तम आहे तुमचा."

शेवाळे साहेबांनी जोरजोरात मान हलवली. "मी तर तेव्हाच म्हटलं, हातकामाला तोड नाही."

मी प्रसेनजितच्या चेहऱ्याकडे पाहत होते. जेवणाच्या ताटावर होता तोच चेहरा. तोच आवाज, डोळे तसेच सरळ माझ्या डोळ्यांत. त्या दिवशी खोटं बोलताना आणि आज खरं बोलताना त्याला काहीच वेगळं करावं लागत नव्हतं. ज्या खोलीत बसलो त्या खोलीला बरं वाटेल ते तो बोलत होता, आणि त्यात त्याला जराही त्रास होत नव्हता. अशा माणसाबरोबर मी दूर परक्या देशात जन्म काढणार होते, आणि तो कधी खरं बोलतोय ते मला कोणी सांगणार नव्हतं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी पाहुण्यांना चहा दिला, गाडीपर्यंत पोचवलं आणि तिथे उभ्या उभ्या दोन वाक्यांत लग्न मोडल्याचं सांगितलं. शेवाळे साहेबांचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला असेल. वकिलाच्या पोरीने दुर्बिणीपायी लग्न मोडलं, असं गावात अजून सांगतात. तो हंगाम संपायच्या आत प्रसेनजितचं दुसरीकडे लग्न झालं. माझं पुढे पाच वर्षांनी झालं, एका अतिशय तुसड्या माणसाशी, ज्याला कौतुक करतानाही घाम फुटतो.

त्या रविवारी आबा आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"साक्षीदार मात्र पहिल्या प्रतीचा," ते म्हणाले. "कोणत्याही बाजूने उभा करावा."

मला हसू आलं, आणि मग रडूही. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि रुसून बसलेल्या आईला हाक मारून तिच्यासाठी ताट वाढायला मला आत पाठवलं.